कडबा शेकड्यावर नको, काट्यावर घ्या

बोरी : शेतकरी बंधूंनो, रब्बीची ज्वारी निघाली की कडब्याचे सौदे सुरू होतात. ‘शेकडा काय भाव?’ एवढंच विचारून आपण गाडी भरतो अन् तिथंच फसतो. पेंढी कुणाची दोन किलोची, कुणाची दीडच. समजा, शेकडा दोन हजार रुपये भाव आहे. दोन किलोची पेंढी असेल तर कडबा दहा रुपये किलो पडला. दीड किलोची असेल तर सव्वातेराच्या वर गेला. म्हणून गंजीतल्या वरच्या, मधल्या, खालच्या मिळून दहा पेंढ्या काट्यावर टाका, सरासरी काढा, मगच भाव बोला.

एखादी पेंढी सोडून पाहा. ताट बारीक, पाला शाबूत, रंग हिरवट-पिवळा हवा. जाड ताट जनावर गव्हाणीतच टाकतं. भिजून काळा पडलेला कडबा फुकट मिळाला तरी नको. दारात घोडी असेल तर जास्तच जपा. बुरशीच्या वैरणीनं पोटशूळ उठतो, अन् घोड्याला उलटी होत नाही. युरिया प्रक्रियेचा कडबाही घोड्याला घालू नका.

नुसत्या कडब्यावर मोठ्या बैलाला रोज आठ किलो धरा. मार्च ते जून साडेनऊशे किलोच्या वर, म्हणजे दोन किलोच्या पेंढीचे जवळपास पाच शेकडे लागतात. कुट्टी केली तर नासाडी कमी होते. खरेदी सुगीतच उरका. उन्हाळ्यात भाव चढतो.

सोयाबीन-कापसानं आपल्याकडची ज्वारी मागं सारली, मग कडबा स्वस्त कसा मिळणार? एकरभर मालदांडी किंवा आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी मोती’ पेरा. घरची गंजी ती घरची गंजी!