दाबाने उघडणारी कळ

दिव्याची कळ दाबली की विजेची वाट मोकळी होते आणि दिवा लागतो. संगणकाचे सर्व काम अशाच कळांवर चालते. मात्र त्या हाताने नव्हे, तर विजेनेच उघडतात व मिटतात. या कळांना ट्रँझिस्टर म्हणतात. पहिला ट्रँझिस्टर बार्डीन व ब्रॅटन या शास्त्रज्ञांनी १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केला. आज नखाएवढ्या सिलिकनच्या तुकड्यावर अब्जावधी ट्रँझिस्टर मावतात.

परंतु इतक्या कळांची उघडझाप होऊ लागली, की यंत्र तापते. व्होल्टेज निम्मे केले, तर उघडझापीस लागणारी ऊर्जा चौथाईवर येते. मग ते कमी करीत का जाऊ नये? याचे कारण असे, की उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन सदैव चंचल असतात. बांध ठेंगणा केला की उसळते पाणी त्यावरून ओसंडते. त्याचप्रमाणे व्होल्टेज फार घटविले, तर मिटलेल्या कळेतूनही प्रवाह झिरपतो. म्हणून ट्रँझिस्टर लहान होत गेले, तरी त्यांच्या उघडझापीचा वेग वाढणे २००५ च्या सुमारास जवळजवळ थांबले.

या अडचणीवरचा एक उपाय जुन्या शोधात दडलेला होता. १८८० साली पॅरिस येथे जॅक व पिएर क्यूरी या बंधूंना आढळले, की क्वॉर्ट्झसारखा स्फटिक दाबला असता त्यावर विद्युत्भार उत्पन्न होतो. उलट, अशा स्फटिकाला वीज दिली की त्याचा आकार किंचित बदलतो, हेही पुढच्या वर्षी सिद्ध झाले. या गुणास दाबविद्युत् म्हणतात.

आयबीएम या अमेरिकन कंपनीतील डेनिस न्यून्स व त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली या गुणावर चालणाऱ्या कळेची योजना मांडली. तीत ताठ कोंदणात दोन पदार्थ एकावर एक बसविलेले असतात. अल्प व्होल्टेज देताच दाबविद्युत् पदार्थ फुगतो. कोंदण त्यास पसरू देत नाही, म्हणून तो सॅमॅरियम सेलेनाइडच्या पातळ थरावर रेटतो. टाचणीच्या माथ्यावरील जोर जसा टोकावर एकवटतो, तसा हा जोर त्या चिमुकल्या थरावर एकवटतो. एरवी विजेला अडविणारा तो थर दाब पडताच तिला वाट देतो. येथे बांध उंच वा ठेंगणा करावयाचा नसतो. पदार्थाचा गुणच पालटतो.

ही कळ अद्याप बाजारातील संगणकांत आलेली नाही. इतक्या सूक्ष्म आकारात पदार्थांचे गुण टिकले पाहिजेत आणि असंख्य वेळा दाब सोसूनही कोंदण अभंग राहिले पाहिजे. ही कसोटी कठीण आहे. तथापि, क्यूरी बंधूंनी स्फटिक दाबून पाहिला, तेव्हा ट्रँझिस्टर कोणाच्या स्वप्नीही नव्हता. केवळ जिज्ञासेने मिळविलेले ज्ञान पुढे कोणत्या कामी येईल, हे आधी कोण सांगणार?