त्या आठ दिवसांचे काय?

हॉलंडमध्ये मूल जन्माला आले की पहिले सुमारे आठ दिवस एक प्रशिक्षित सेविका रोज काही तास घरी येते. बाळाचे वजन, बाळंतिणीचे टाके, अंगावर पाजण्याची पहिली धडपड हे सारे ती पाहते. शिवाय घर आवरते, भेटीस आलेल्यांना चहाही देते. 'क्रामझोर्ख' नावाच्या या व्यवस्थेचा बहुतांश खर्च सक्तीच्या आरोग्यविम्यातून भागतो. आजी-मावशीचे काम समाजाने अंगावर घेतले, असेच म्हणावयाचे.

नोकरीनिमित्त सिंगापूर वा दुबईस राहणाऱ्या डच दांपत्याला तिचे मोल कळते ते ती नसताना. तेथील रुग्णालय उत्तम असते. पण घरी येऊन दार लावले की आत उरतात ती तिघेच. आजी येते, तीही रजा मोजून. चालीप्रमाणे लोणी लावलेल्या टोस्टवर साखरेत घोळवलेले शोपेसारखे दाणे पसरले जातात (त्यांनी दूध वाढते हा तिकडचा जुना समज, आपल्या बाळंतशोपांचेच हे भावंड!), पण ते खावयास येणार कोण? परदेशी पाठविलेल्या नोकरांचे घरभाडे आणि मुलांची शाळा यांचा हिशेब करणाऱ्या कंपन्यांनी या आठ दिवसांची तरतूद करारातच का करू नये?