आभाळाचं दव

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला दव नकोसं असतं. गोडी छाटणी झालेली, कोवळे घड बाहेर पडलेले, आणि पहाटे पानं ओली दिसली की पोटात गोळा येतो. पानावर ओल काही तास टिकली तरी डाऊनीची बुरशी आत शिरते. मग उजाडायच्या आत फवारणीचा ट्रॅक्टर बागेत.

आणि हिब्रू पवित्रशास्त्रात, उत्पत्तीच्या 27 व्या अध्यायात, एक आंधळा म्हातारा बाप मुलाला आशीर्वाद देतो तेव्हा सर्वांत आधी मागतो ते आभाळाचं दव! त्यानंतर सुपीक जमीन, मग मुबलक धान्य आणि द्राक्षांचा ताजा रस. नाशिककराला कोड्यात टाकणारीच ही मागणी आहे.

हे कोडं उलगडतं ते तिथल्या ऋतूंतून. कनानात पाऊस हिवाळ्यातला. साधारण मे ते सप्टेंबर आभाळ कोरडं ठणठणीत, आणि द्राक्षं पिकतात ती नेमकी याच दिवसांत. भूमध्य समुद्रावरून दमट वारा येतो, निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, वाऱ्यातली वाफ पानांवर थेंब होऊन बसते. एरवी थेंबही न मिळणाऱ्या पानांना तेवढाच गारवा. आपल्याकडे याच महिन्यांत धो धो कोसळतं. एकाच दवाचं मोल ऋतू बदलताच इतकं पालटावं, याचं मला नवल वाटत राहतं.

पण मला खरं थरारून टाकलं ते आधीच्या, 26 व्या अध्यायाने. हा म्हातारा, इसहाक, उभं आयुष्य विहिरींसाठी झगडलेला. बापाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या. त्याने त्या पुन्हा खणल्या, नव्या खणल्या, तर गुराखी भांडायला उठले: पाणी आमचं! दोन विहिरी सोडून तो पुढे सरकला, तिसरीवर कुठे तंटा मिटला. असा माणूस मुलासाठी विहीर मागत नाही, दव मागतो. दव कुणाला बुजवता येत नाही, त्यावर हक्क सांगता येत नाही, ते भावकीच्या बांधावरही तितकंच पडतं. धाकटा याकोब फसवून आशीर्वाद घेऊन गेल्यावर रडत आलेल्या थोरल्या एसावाच्या वाट्याच्या बोलांतही दवाचा उल्लेख आहे. गोदावरीचं पाणी जायकवाडीला किती सोडायचं, यावर ज्या जिल्ह्यात तंटे होतात तिथे ही कथा समजावून सांगावी लागू नये.

हा आशीर्वाद मराठी घरांत हिब्रूतून म्हटला जातो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कोकणातले बेने इस्राएल ज्यू, म्हणजे शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून पूर्वी शनिवार तेली म्हणवले जाणारे, नवस फेडताना किंवा लग्नकार्यात मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, सोबत फळं. एलियाहू हन्नाबीची, म्हणजे संदेष्टा एलियाची, आठवण होते आणि इसहाकाचे हे शब्द म्हटले जातात. अलिबागजवळच्या खंडाळ्यातल्या कातळावर एलियाहूच्या रथाची खूण आहे, अशी त्यांची श्रद्धा.

त्यांच्या प्रार्थनेचं पंचांगही कनानच्या ऋतूंचं. वल्हांडण सणापासून, म्हणजे चैत्र-वैशाखाच्या सुमारापासून, रोजच्या प्रार्थनेत दव पाडणाऱ्या देवाचं स्मरण सुरू होतं आणि ते पावसाळाभर चालतं. बाहेर कौलांवरून आषाढाचं पाणी ओतत असताना घरात दवाचं नाव. पावसाचं नाव प्रार्थनेत येतं ते मंडपाच्या सणाच्या शेवटी, ऑक्टोबरच्या आसपास, जेव्हा रायगडात भातं कापणीला आलेली असतात.