ईमेल अडते कोठे?

कार्यालयातून धाडलेले ईमेल प्रथम जावक सर्व्हरवर येते आणि तेथील रांगेतून पुढील सर्व्हरकडे सोपविले जाते. या देवघेवीचे नियम १९८२ साली जोनाथन पोस्टेल यांनी ग्रथित केले. त्यानुसार पुढील सर्व्हर तीन आकडी उत्तर देतो. ४ ने आरंभ होणारे उत्तर तात्पुरती अडचण दर्शविते. पत्र रांगेत राहते व सामान्यतः चार-पाच दिवस पुन्हा प्रयत्न होतो. अशा वेळी तेच पत्र वारंवार धाडल्यास रांग मात्र फुगते. ५ ने आरंभ होणारे उत्तर हा कायमचा नकार होय. ५५० आल्यास पुष्कळदा पत्ताच चुकलेला असतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत उद्या संपत असता हा भेद जाणलाच पाहिजे. परत आलेली सूचना न वाचताच पुसून टाकण्याची कचेऱ्यांतील सवय म्हणूनच घातक ठरते.

पत्ता अचूक असूनही नकार येतो, तेव्हा संशय आपल्याच सर्व्हरवर घ्यावा. एका खात्याचा परवलीचा शब्द चोरीस जाऊन तेथून हजारो निरुपयोगी पत्रे सुटली, की संपूर्ण सर्व्हर काळ्या यादीत जातो आणि इतरांची निर्दोष पत्रेही परततात. व्यवस्थापकाने आधी ते खाते रोखावे, परवलीचा शब्द बदलावा व रांगेतील ती पत्रे काढून टाकावीत. यादीतून नाव वगळण्याची विनंती त्यानंतरच करावी. क्रम उलटा झाल्यास नाव पुन्हा यादीत चढते.