चेहऱ्याचा खरा रंग आणि फ्लॅशचा उजेड

वधू-वर परिचय मेळाव्याचे अर्ज आम्ही कार्यकर्ते जेव्हा तपासायला बसतो, तेव्हा एक गोष्ट हमखास नजरेस येते. रंगाच्या रकान्यात प्रामाणिकपणे ‘सावळा’ लिहिलेले असते आणि सोबतच्या फोटोतला चेहरा मात्र पिठासारखा पांढरा असतो. लग्नाच्या अल्बममध्ये नेमके उलटे. तिथे तीच मुलगी आहे त्याहून कितीतरी काळवंडलेली दिसते, नाकडोळेही धड उमटत नाहीत. घरची माणसे म्हणतात, ‘‘काय करणार, आपला रंगच तसा. फोटोत येत नाही.’’

हा समज मुळातच चुकीचा आहे. दोष रंगाचा नाही. दोष उजेडाचा आणि कॅमेरा लावणाऱ्याचा आहे.

पांढरी वस्त्रे, निळा मंडप

कॅमेऱ्याला माणूस कळत नाही. समोरून किती उजेड परत येतो तेवढे तो मोजतो आणि सगळ्याची सरासरी मध्यम करड्या छटेवर आणून ठेवतो. आपल्या मंगल परिणयात वधू-वर शुभ्र वस्त्रांत असतात, मागे बहुधा पांढराच पडदा. एवढे पांढरे दिसले की आपोआप चालणारा कॅमेरा समजतो, उजेड जास्त झाला. आणि तो फ्लॅश कमी करतो. मग साडी मळकट दिसते आणि सावळा चेहरा अंधारात जातो. फोटोग्राफरने माप चेहऱ्यावरून घ्यावे, फ्लॅश हाताने थोडा वाढवावा, पण साडीच्या चुण्या दिसत राहतील इतपतच. एवढ्याने निम्मे काम होते.

दुसरी अडचण मंडपाची. फ्लॅश थेट तोंडावर मारू नये म्हणून जाणकार फोटोग्राफर तो छताकडे वळवतात. छत पांढरे असेल तर उजेड मऊ होऊन खाली येतो. पण छताला निळे कापड असेल तर तोच उजेड निळा होऊन परततो आणि चेहरे राखेसारखे दिसतात. निळा रंग आपल्या अभिमानाचा आहे. पण तो ध्वजावर शोभतो, नवरीच्या गालावर नाही. अशा वेळी पांढरी छत्री किंवा पांढरी चादर बाजूला धरून तिच्यावर फ्लॅश मारावा.

तिसरी गोष्ट उजेडाच्या जातीची. (उजेडालाही जात असते, पण ती मापता येते आणि बदलताही येते!) फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा, सुमारे ५५०० केल्विनचा असतो. जुना पिवळा बल्ब ३००० केल्विनच्याही खाली असतो. दोन्ही मिसळले की चेहऱ्याची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर. म्हणून फोटोच्या वेळी जवळचे पिवळे दिवे बंद ठेवावेत आणि त्याच फ्लॅशच्या उजेडात एक कोरा पांढरा कागद टिपून कॅमेऱ्याला ‘हे पांढरे’ असे आधी शिकवावे. पुढचे रंग बरेच ताळ्यावर येतात.

शिवाय अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा उजेड चौथाई उरतो. सहा फुटांवरची रांग उजळते, बारा फुटांवरची आजी-मावशी काळोखात जाते. सगळ्यांना जवळजवळ उभे करावे किंवा फ्लॅश मागे न्यावा.

शर्लीचे कार्ड

तंत्र इतके सोपे असताना सावळ्या माणसाचा फोटो नीट येत नाही, हा समज पसरला कसा? याचे मूळ परदेशात आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी लॅबला एक नमुना फोटो पाठवत असे. त्यात एक गोरी स्त्री असायची. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिचा रंग नीट आला की मशीन बरोबर लागले, असे समजायचे. कॅनडातील संशोधक लोर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये हा इतिहास मांडला. काळ्या मुलांचे चेहरे शाळेच्या फोटोत उमटत नव्हते. पण फिल्ममध्ये सुधारणा होण्यास जोर मिळाला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्या कंपन्यांनी तपकिरी छटांबद्दल तक्रार केल्यावर! १९९५ च्या सुमारास कोडॅकने तीन वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड काढले.

याहून बोलके उदाहरण पोलरॉइडचे. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या सरकारने काळ्या लोकांवर सतत पास बाळगण्याची सक्ती केली होती आणि पासच्या फोटोंसाठी पोलरॉइडचे साहित्य वापरले जाई. कंपनीच्या ओळखपत्रांच्या कॅमेऱ्याला फ्लॅशचा उजेड वाढवणारे बटणसुद्धा होते. १९७० मध्ये अमेरिकेत याच कंपनीत काम करणाऱ्या कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स या दोन काळ्या कामगारांच्या हे ध्यानात आले. त्यांनी संघटना उभारली, बहिष्काराची हाक दिली. हंटर यांची नोकरी गेली. पण लढा थांबला नाही आणि १९७७ मध्ये कंपनीला दक्षिण आफ्रिकेतला व्यवहार बंद करावा लागला.

अमेरिकेतील काळ्या माणसाचे दुःख आपल्या दुःखासारखे आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १९४६ मध्ये त्यांनी डु बॉइस यांना त्याविषयी पत्रही लिहिले होते. तेव्हा ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

आपण काय करावे?

फोटोग्राफर ठरवताना पैशाबरोबर रंगाचेही बोलून घ्या. सावळ्या माणसांचे त्याने काढलेले फोटो मागून पाहा. घामाने चेहरा चमकत असेल तर आधी रुमालाने टिपा, पावडरचा थर देऊ नका. फ्लॅशमध्ये तो पांढरा उठतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘‘चेहरा गोरा करू नका, आहे तसा ठेवा,’’ असे स्पष्ट सांगा. आता संगणकावर गोरे करणे चुटकीसरशी होते, म्हणून तर ते अधिक बजावून सांगायला हवे.

मेळाव्यासाठी गोरा केलेला फोटो म्हणजे समोरच्या घराला सांगितलेली खोटी गोष्ट, आणि आपण पंचशील घेतलेली माणसे आहोत. त्याहून वाईट म्हणजे ती आपल्या मुलीला सांगितलेली गोष्ट आहे, की तू जशी आहेस तशी चालणार नाहीस. जन्मावरून माणसाची किंमत करणारी व्यवस्था आपण १९५६ साली नाकारली. मग कातडीवरून किंमत करणारी नजर घरात कशाला सांभाळायची? तथागतांनी वस्तू जशी आहे तशी पाहायला शिकवले. आपल्या लेकीबाळींचे फोटोही तसेच, खऱ्या रंगात, भिंतीवर लागोत.

जय भीम!