घाटावरची सत्ता, घाटाखालची ठाणी

रत्नागिरी जिल्ह्यातून देशावर जाणारा माल आजही कुंभार्ली आणि आंबा घाटांनी वर चढतो. दोन हजार वर्षांपूर्वीही कोकणची बंदरे आणि देशावरील पेठा यांचे नाते घाटवाटांनीच जोडलेले होते. देशावर तेव्हा सातवाहनांचे राज्य होते. त्यांची राजधानी गोदाकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण.

पठारावरून दूरची खोरी आणि किनारपट्टी सांभाळायची, तर केवळ सैन्य पुरत नाही. म्हणून राज्याचे ‘आहार’ नावाचे विभाग पाडून त्यांवर अमात्य नेमले जात. गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या १८ व्या राज्यवर्षी गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित यास पाठविलेली आज्ञा नाशिकच्या लेण्यात कोरलेली आहे. भिक्षूंना दिलेल्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी ते खणू नये, असे तीत बजावले आहे. प्रांतातील कारभार कसा चाले, हे त्या दगडावर वाचता येते.

त्याच लेण्यांत व्यापारी वाचकाने आवर्जून पाहावा असा आणखी एक लेख आहे. सातवाहनांचे प्रतिस्पर्धी असलेल्या क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याने ३००० कार्षापणांची ‘अक्षयनीवी’, म्हणजे मुद्दलास कधीही हात न लावण्याची ठेव, गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या भिक्षूंचा वस्त्रादी खर्च भागवायचा होता. राजे बदलले, तरी लोकांचा विश्वास श्रेणींच्या पतीवर होता.

घाटमाथ्याजवळच्या पेठांची संपन्नता उत्खननाने उजेडात आणली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. तेथे सातवाहनकालीन विटांची घरे मिळाली. याच टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक सागरदेवाची कांस्यमूर्ती समुद्रापारच्या व्यापाराची साक्ष देते.

घाटाखाली, दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजी येथे २९ लेण्यांचा समूह आहे. म. न. देशपांडे यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला. आरंभीची लेणी इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमाराची, म्हणजे सातवाहन सत्ता मावळण्याच्या वेळची आहेत. पुढे वज्रयान आणि नाथपंथ यांनीही हेच स्थान आपलेसे केले. शिलाहारांच्या ११३९ च्या ताम्रपटामुळे गावाचे प्राचीन नाव ‘प्रणालक’ असल्याचे कळले.

जैन परंपरेतही या राज्याची स्मृती टिकून आहे. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाने इंद्रोत्सवाची अडचण सांगितल्यावरून कालकाचार्यांनी पर्युषणाचे पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीऐवजी चतुर्थीस आणले, असे श्वेतांबर ग्रंथ सांगतात. मावळातील पाले येथील ब्राह्मी लेखाचा आरंभ अरहंतांच्या वंदनेने होतो. त्यात लेणे आणि पाण्याचे टाके करविल्याची नोंद आहे. अनेक अभ्यासकांनी तो महाराष्ट्रातील आद्य जैन लेख मानला आहे.

लेणी कातळात असल्याने टिकली. वखारी, घरे आणि बाजार मात्र मातीत गाडले गेले, आणि त्यांच्यावर आजची गावे उभी आहेत. विहिरीचा किंवा दुकानाचा पाया खणताना निघणारी खापरे राडारोड्यात जातात, शिशाची नाणी भंगारात वितळतात. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे असे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. नाणे कोठे, किती खोलीवर आणि कशासोबत मिळाले, याची नोंद हेच त्याचे खरे मोल. ती नोंद गेली, तर नाणे केवळ धातूचा तुकडा उरतो. पिढ्यान्पिढ्यांच्या चोपड्या जपणाऱ्या घराण्यांना नोंदीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. भूमीच्या पोटातील चोपडीही त्याच निष्ठेने जपली जावी.