फायरवॉलच्या वहीतले अनोळखी पाहुणे

वनविभागाच्या सागवानाच्या लिलावात आता संगणकावरून बोली लागते आणि जीएसटीचे विवरणपत्रही संगणकावरूनच भरावे लागते. त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीतील आरागिरणीवाल्यापासून फर्निचर कारागिरापर्यंत अनेक बांधवांचा सारा हिशेब घरच्या संगणकात येऊन बसला आहे. अशा वेळी कोणी फायरवॉलची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडून पाहिली की छातीत धस्स होते. कोणाला बोलावले नसताना परदेशी पत्त्यांवरून दार ठोठावल्याच्या ओळींवर ओळी! कोणी आपल्या वाईटावर टपले आहे काय?

घाबरून जाण्याचे कारण नाही. लाकूड डेपोच्या फाटकावरचा चौकीदार परवाना नसलेल्याला परत पाठवतो आणि वहीत तशी नोंद करतो. फायरवॉलच्या वहीतील ‘ड्रॉप’ हा शब्द हेच सांगतो: आला होता, आत घेतला नाही. चौकीदार जागा असल्याचा हा पुरावा आहे.

हे ठोठावणारे बहुधा आपल्याला ओळखतही नाहीत. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारे ४२९ कोटी आहेत. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘झेडमॅप’ हा प्रोग्रॅम तयार केला. तो एकाच संगणकावरून हे सारे पत्ते पाऊण तासाच्या आत चाचपू शकतो. संशोधक हे करतात तसे चोरही करतात. काही ओळी तर आपणच नुकत्याच बंद केलेल्या वेबसाइटची उशिरा आलेली उत्तरे असतात. तेथे पाठवणाऱ्याचा पोर्ट बहुधा ४४३ दिसतो.

ओळ वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पोर्ट, म्हणजे कोणत्या क्रमांकाचे दार ठोठावले. २३ वर राउटर व कॅमेरे शोधले जातात. २०१६ मध्ये ‘मिराई’ याच वाटेने पसरला. ४४५ हे फायली वाटून घेण्याचे दार. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने याच दारातून जगभरचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते सापडले. ३३८९ हे दुरून संगणक चालवण्याचे दार.

दुसरी गोष्ट, पत्ता. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर पाहुणा घरातलाच: प्रिंटर, मोबाइल किंवा कॅमेऱ्याची पेटी. बहुतेक वेळा निरुपद्रवी. पण एकच पेटी सारखी ४४५ ठोठावत असेल तर तिची तार काढून तपासून घ्यावी. संगणक राउटरच्या मागे असेल तर बाहेरची ठोठावणी राउटरच्याच वहीत सापडते. विंडोजमध्ये ही वही आपण सुरू केल्याशिवाय लिहिली जात नाही, हेही ध्यानात असावे.

खरा धोका अडवलेल्या ओळीत नाही, तर आपणच उघडून ठेवलेल्या दारात आहे. समजा, हिशेबनिसाला घरून काम करता यावे म्हणून ३३८९ उघडले आणि पासवर्ड ‘१२३४’ ठेवला. आता चोर आला तर चौकीदार त्याला ‘ड्रॉप’ करणार नाही, सलाम करून आत सोडील! तेव्हा असे दार आजच बंद करावे, राउटर व कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदलावा, विंडोजच्या दुरुस्त्या टाळू नयेत आणि हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. फसवणूक झालीच तर १९३० वर ताबडतोब कळवावे.

ग्राहकांची उधारी आणि कारागिरांची मजुरी ज्या वहीत आहे, ती आपल्याकडील अमानत आहे. आधी उंट बांधावा, मग तवक्कुल करावे, ही शिकवण संगणकालाही लागू आहे.